मालूमावशी मिरजेला गेलेली नाही

मावशी, तुला लोकांनी मिरजेला पाठवून दिलंय. तुला पत्ता तरी आहे का?

बुधवारी तू गेलीस. शुक्रवारी आम्ही तुला पोचवून आलो, इथल्या पद्धतीने, काळे कोट घालून, खुर्च्यांवर बसून. आणि शनिवारी सकाळी तुझ्या अजितचा मला फोन. "मंजू, उद्या क्लासमध्ये मुलांसमोर आईचं काही काढू नकोस हं. सानूला आम्ही सांगितलंय, आजी इंडियाला गेली, मिरजेला. बाकीच्या पेरेंट्सनाही मेल टाकलाय. हळूहळू विसरेल ती."

विसरेल! सात वर्षांची पोर, जन्मापासून तुझ्या कुशीत झोपलेली, ती विसरेल! मी फोन ठेवला आणि कणीक भिजवायला घेतली. इतकी तिंबली, इतकी तिंबली, की नवरा, आमचा सुहास, म्हणाला, आज पोळ्या करतेयस की विटा? म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस. तो बिचारा गॅरेजमध्ये निघून गेला.

शुक्रवारी तुझ्याबद्दल लोक काय काय बोलले, ऐकलं असतंस तर उठून बसली असतीस. प्रेमळ म्हणे. हसतमुख म्हणे. हसतमुख कधी होतीस गं तू? रविवारी पाच मिनिटं उशिरा पोचलं तर तुझ्या घरच्या बेसमेंटच्या जिन्यावरच भुवया चढवून उभी असायचीस. माझ्या लेकीला, रेवाला, पहिल्यांदा तुझ्या मराठीच्या क्लासला आणलं तेव्हा मी अदबीने "काकू, तुम्ही" करून बोलायला लागले, तर म्हणालीस, "काकू असेल तुझ्या नवऱ्याकडची. मला मावशी म्हण, आणि ते अहोजाहो वर कोटाबरोबर टांगून ये." त्या दिवसापासून तू माझी मावशी. आईच्या पाठीला पाठ लावून आलेली असतीस तरी इतकी भांडले नसते मी तुझ्याशी.

आणि भांडण तरी कशावरून? एका पुस्तकावरून.

ते पुस्तक तुला आपल्या गावच्या, ईडन प्रेरीच्या लायब्ररीत सापडलं. सानूला चित्रांची पुस्तकं आणायला गेली होतीस आणि स्वतःसाठीच एक घेऊन आलीस. मुखपृष्ठावर एक ओजिब्वे मुलगी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली, होडीत बसलेली. आजोबा मागे उभे राहून काठीने होडी ढकलतायत आणि ही पाण्यात उगवलेल्या भाताच्या लोंब्या एका काठीने वाकवतेय, दुसरीने झोडतेय. दाणे होडीत पडतायत. तू ते चित्र माझ्या नाकासमोर धरलंस. "हे बघ, भात झोडतेय! आमच्याकडे खळ्यावर झोडतात, ही बया तळ्यात बसून झोडतेय." तुझा चेहरा असा, जशी माहेरची कुणी भेटली.

मी म्हटलं, "मावशी, आपल्याकडे इंडियातून आणलेली पाठ्यपुस्तकं आहेत ना?"

"आहेत. त्यात मोर आहे, बैलगाडी आहे आणि आमराई आहे. तुझ्या रेवाने बैलगाडी कुठे बघितलीय? हिने बर्फ बघितलाय, तळं बघितलंय, डास बघितलेत. या मुलीच्या गोष्टीत ते सगळं आहे. आता हीच आमचं बालभारती."

इथल्या मराठी मंडळात चर्चा झाली, व्हायचीच. निखिलची आई म्हणाली, शिवाजीमहाराज सोडून रेड इंडियनची गोष्ट कशाला? तू चष्म्यावरून तिच्याकडे बघितलंस. "इंडियन आपण. ते ओजिब्वे. आणि महाराज कुठे जात नाहीत, त्यांचा नंबर जूनमध्ये आहे." विषय संपला.

तुझी सांगायची रीतच निराळी. आठवडाभर दुपारी डिक्शनरी घेऊन एक प्रकरण वाचायचं. रविवारी ते पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचं आणि मराठीत सांगायचं. उघडायचं नाही म्हणजे नाही. काही मुलांनी ते इंग्लिशमध्ये वाचून काढलं होतं, ती तुला मध्येच अडवायची. "आजी, नो, तिचा भाऊ नाही, कझिन!" तू म्हणायचीस, "मग सांग की मराठीत, कझिन म्हणजे कोण?" की ते पोर अडकलंच. मग आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ, अर्धा तास तेच. त्या मुलीच्या होडीत बसून माझ्या रेवाने सगळी नाती पाठ केली.

पण त्या काकवीवरून मी तुला अजूनही सोडलेलं नाही. वसंतात त्या लोकांचं सगळं कुटुंब रानात मुक्काम टाकतं, मेपलच्या झाडांना खाचा पाडून रस काढतं, मोठाल्या भांड्यांत आटवतं. तू सरळ सांगून टाकलंस, "गुऱ्हाळ लागलं." रस आटला, काकवी झाली. आणखी आटला, गूळ झाला. मुलं घरी जाऊन पॅनकेकवर काकवी मागायला लागली! मी म्हटलं, मावशी, हे बरोबर नाही. ती त्यांची झाडं आहेत, त्यांची रीत आहे. तू त्यांना उचलून कोल्हापुरात नेऊन ठेवलंस. तू म्हणालीस, "मी त्यांना कोल्हापुरात नेलं नाही गं. मी कोल्हापूर इथे आणलं. या पोरांना मेपल ठाऊक आहे, गुऱ्हाळ ठाऊक नाही. जे ठाऊक आहे त्याचं बोट धरूनच पुढे जायचं असतं."

"आणि त्या लोकांना हाकललं, त्यांच्या जमिनी घेतल्या, ते?"

"तेही सांगणार आहे. गूळ खाल्लेला असला की ज्याचा गूळ गेला त्याचं दुःख कळतं."

मी तरी हट्टाने म्हटलं, की बाई, आपण राहतो त्या भागात डकोटा लोक होते, ओजिब्वे वर उत्तरेला. तू तेही पुढच्या रविवारी मुलांना सांगितलंस, माझं नाव घेऊन. "मंजूमावशी म्हणतात ते बरोबर आहे, आपलं घर दुसऱ्याच्या अंगणात आहे." पण काकवी मात्र काकवीच राहिली. आणि हीच तू, त्या पुस्तकातले आजोबा ज्या जुन्या गोष्टी सांगतात त्या बर्फ पडल्याशिवाय सांगायला तयार नव्हतीस. त्यांच्यात म्हणे उन्हाळ्यात त्या सांगत नाहीत. एवढ्याशा बर्फासाठी नोव्हेंबरभर मुलांना खिडकीपाशी बसवलंस. म्हटलं, गुळाला नियम नाही आणि गोष्टीला नियम? तर म्हणालीस, गूळ पोटात जातो, गोष्ट डोक्यात. हे भांडण अर्धवट राहिलंय, मावशी. मला अजून पटलेलं नाही.

तुला कॅमकॉर्डरवर रेकॉर्ड करते म्हटलं तर हाकलून लावलंस. "गोष्ट काय लोणचं आहे, बरणीत भरायला?" आता बघ. तुझं ते मराठी पुस्तक कुठे आहे? कागदावर एक ओळ नाही. बेसमेंटमध्ये मांडी घालून बसणाऱ्या पोरांच्या कानात आहे तेवढंच. राग येतो मला तुझा. खरंच येतो.

आणि मग ते आजोबांचं प्रकरण आलं.

ऐन हिवाळ्यात त्या मुलीचे आजोबा मरतात. आई मुलीला उठवते आणि सांगते, आजोबा मेले. तिला त्यांच्यापाशी नेते, हात हातात घ्यायला लावते. मग चार रात्री विस्तव विझू देत नाहीत, आजोबांना पुढच्या वाटेवर उजेड पाहिजे म्हणून. त्या विस्तवासाठी लाकडं आणायचं काम मुलीचं. तू सांगणार हे कळलं आणि ईमेल ग्रुपवर धुरळा उडाला. मुलांच्या मनावर परिणाम होईल. अभद्र कशाला बोलायचं? हे प्रकरण स्किप करा. निखिलच्या आईने तोडगा काढला, निदान 'देवाघरी गेले' म्हणा. तर तिचाच निखिल म्हणाला, "विच टेम्पल?"

तू सगळ्या आयांना जिन्याखाली उभं केलंस. "परिणाम होईल म्हणता? व्हायलाच पाहिजे. परिणाम होऊ नये म्हणून कोण गोष्ट सांगतं?"

माझ्याकडे तू बघितलं नाहीस, पण माझं तुला ठाऊक होतं. तुलाच तर सांगितलं होतं मी. दोन हजार तीन साली नागपूरहून माझ्या भावाचा फोन आला, "बाबा सिरीयस आहेत, निघ." आपल्यात असंच सांगतात. बाबा तेव्हाच गेलेले होते. मी अख्खा प्रवास देवाला हात जोडत केला. डॉक्टरांशी काय बोलायचं ते विमानात मनात घोळवत होते. घरी पोचले तर दारात चपला आणि भिंतीवर हार घातलेला फोटो. काहून असं करतात, मावशी? मी वाटेत रडेन म्हणून? मग रडू द्यायचं होतं मला! माझे बाबा होते ते. आणि इथे सुहासने रेवाला काय सांगावं? आजोबांचा फोन बिघडलाय. पाच वर्षांची होती. मी परत आले तर माझी बॅग उतरायच्या आधी विचारते, फोन दुरुस्त करून आलीस का? मी तिथेच ड्राइव्हवेवर बसून तिला खरं सांगितलं आणि मग सुहासची जी काढली ती काढली.

तर ते प्रकरण तू सांगितलंस. पुस्तक मिटून, नेहमीच्या आवाजात. 'मेले' म्हणालीस. निखिलने विचारलं, तिने लाकडं स्वतः उचलली का, जड असतील. तू म्हणालीस, जडच होती. घरी जाताना कारमध्ये रेवा मला म्हणाली, "तिला लगेच सांगितलं. लकी." मी गाडी बाजूला घेतली आणि भडाभडा रडले. बाबांसाठी मी मोकळेपणी रडले ती तेव्हा, चार वर्षांनी, हायवेच्या कडेला. ते तुझ्यामुळे. हे तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते.

मग उन्हाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं. त्या डॉक्टरच्या खोलीतली तुझी गोष्ट तूच मला हसत हसत सांगितलीस. डॉक्टरीणबाई इंग्लिशमध्ये बोलतायत आणि अजित तुला मराठीत सांगतोय. त्या पाच मिनिटं बोलल्या, अजित म्हणाला, "आई, इन्फेक्शन आहे, गोळ्यांनी जाईल." तू त्याच्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि त्यांनाच विचारलंस, "हाउ मच टाइम?" मग अजितला म्हणालीस, "अख्खं पुस्तक वाचलंय रे मी. कॅन्सर कळतो मला." त्याला पार्किंगमध्ये ड्राइव्ह करता येईना. तूच त्याला पाणी दिलंस. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, म्हणालीस.

आणि आता माझं तुझ्याशी खरं भांडण. इतकी ठणकावून बोलणारी तू, सानूला का नाही सांगितलंस? मी किती वेळा विचारलं. "माझी मी सांगेन. दसरा होऊ दे." दसऱ्याचं काय होतं, मावशी? तुझाच धीर होत नव्हता, कबूल कर! त्या पोरीचा चेहरा समोर आला की तुझ्यातली मास्तरीण विरघळून जायची. मला ते दिसत होतं, म्हणून मी जास्त बोलले नाही. मग सगळं भराभर झालं. दसरा राहिला बाजूला.

शेवटच्या रविवारी मी तुझ्या उशाशी होते. सानूला त्या दिवसापासून सगळं आटपेपर्यंत तिच्या मैत्रिणीकडे ठेवलं होतं. तू औषधाच्या गुंगीतून डोळे उघडून विचारलंस, "सानू कुठाय?" सूनबाई म्हणाली, "शाळेत." तू म्हणालीस, "रविवारी कुठली शाळा?" जिने आयुष्यभर पोरांना खरं सांगितलं तिला जाताना हे ऐकायला मिळालं. आणि बुधवारी तू गेल्यावर तासाभराने अजित मिरजेला मामांना फोन लावून काय म्हणाला? "मामा, आई जरा सिरीयस आहे." कॉलिंग कार्ड हातात, तू आतल्या खोलीत, आणि हा म्हणतो सिरीयस! आपण लोक समुद्र ओलांडून आलो, लोणच्यांबरोबर हेही घेऊन आलो.

म्हणून शनिवारी त्या विटा भाजून झाल्यावर मी तुझ्या घरी गेले. दार सानूने उघडलं. मी म्हटलं, कशी आहेस गं? तर ओठ काढून म्हणते, "आजीशी माझी कट्टी आहे. फॉरेव्हर. शी डिडन्ट इव्हन से बाय."

मावशी, ही मिरजेची कमाई. तुझ्या नातीला वाटतंय तू तिला न सांगता टाकून गेलीस.

मी अजितला किचनमध्ये गाठलं. म्हटलं, ऐकलंस का ती काय म्हणतेय? तो भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता, मान वर करेना. "मंजू, ती लहान आहे. आणि ही आमची फॅमिली मॅटर आहे."

"तुझी आई मला मावशी होती. उद्या खाली क्लास मी घेणार आहे. मुलांनी विचारलं तर मी मिरज म्हणणार नाही. ती वारली म्हणणार. सानूला त्याआधी तू सांग. तुझा हक्क आहे तो, माझा नाही. पण उद्यापर्यंतच."

"तुला काय कळतं गं? तुला सांगायला सोपं आहे." तो ओरडला, आणि मग एकदम हळू म्हणाला, "मी ते तोंडाने अजून एकदाही म्हटलेलं नाही. कुणालाच." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण मी मागे हटले नाही. म्हटलं, उद्या दोन वाजता.

रविवारी मला वाटलं, हे दोघं खाली येत नाहीत. निखिलची आई आली, "प्लीज, लाइट ठेव हं सगळं" म्हणून गेली. मुलं येऊन बसली. तुझी जागा कुणी सांगितल्याशिवाय सोडून बसली. दोन वाजून गेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं. अजित आणि सानू. तो तिला सोडून वर जाईल असं वाटलं, पण नाही. खाली आला, मुलांच्यात मांडी घालून बसला. त्याने सांगितलेलं नव्हतं. चेहऱ्यावरूनच कळलं.

घरी मी रेवाला एवढंच म्हटलं होतं, अजितकाकांना विचार. तिने विचारलं, सरळ त्यालाच. "काका, आजी कुठे आहे?"

सानू म्हणाली, "मिरज. मी तिच्याशी बोलत नाही."

अजितने तिला ओढून मांडीवर घेतलं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तो म्हणाला, "सानू, आजी मिरजेला गेलेली नाही. आजी मेली. बुधवारी. आपल्या घरात, तिच्या खोलीत. मी तुला खोटं सांगितलं."

मेली म्हणाला, मावशी. वारली नाही, देवाघरी नाही. तुझा मुलगा आहे.

सानूने त्याला दोन्ही मुठींनी बडव बडव बडवलं. तो मार खात बसला आणि रडत बसला, आमच्यासमोर, डझनभर पोरांसमोर, हुंदके देत. निखिलने पेपर टॉवेलचा अख्खा रोल आणून दिला. मग तिचे हात थांबले. तिने विचारलं, "तिने माझ्याबद्दल विचारलं होतं का?"

"हो. रविवारी. तू कुठे आहेस म्हणून."

"शी वॉजन्ट मॅड? चिडली नव्हती माझ्यावर?"

"नाही गं राणी. तिला तू हवी होतीस. आम्हीच आणलं नाही तुला."

मग सानू म्हणाली, "मी आता बट्टी केली तर तिला कळेल?"

सगळी मुलं अजितकडे बघायला लागली. मीही. वाटलं, आता हा म्हणणार, हो बेटा, आजी आकाशातून बघतेय. त्याने डोळे पुसले. म्हणाला, "मला माहीत नाही, सानू. खरंच माहीत नाही."

सानूने विचार केला. मग नाक पुसून, दोन बोटं वर करून, तुझ्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "तरी मी बट्टी करते."